तलाव, ओढे आणि टेकड्यांमधल्या पायवाटा : वाचकांचे प्रश्न

तलाव, ओढे, कालवे आणि टेकड्या यांच्या मधोमध वसलेल्या लहान गावांच्या परिसरात पायी हिंडण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांबलेली पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र एका लहान गावी आठवडाभर मुक्काम करणार आहोत. गावाजवळ दोन तलाव, त्यांना मिळणारे ओढे, एक कालवा आणि मागे टेकड्यांची रांग आहे. नकाशावर पायवाटांचे जाळेच दिसते. त्यातून निवड कशी करावी?

नकाशा हाती आला की बहुतेक जण वाटेची लांबी मोजू लागतात. आपण आधी निळ्या रेषा वाचाव्यात, कारण अशा प्रदेशात वाट कोठून जाणार, कोठे अडणार आणि कोठे वळसा घेणार हे पाणीच ठरवते. प्रत्येक तलावाच्या बाबतीत दोन जागा शोधून ठेवा : पाणी आत येते ती आणि पाणी बाहेर पडते ती. ओढा तलावाला मिळतो तेथे त्याचा वेग एकदम कमी होतो आणि सोबत आणलेला गाळ खाली बसतो. म्हणून त्या टोकाला बहुधा सपाट, लव्हाळ्यांनी भरलेली दलदल असते, ओढ्याचे दोन-चार फाटे फुटलेले असतात आणि वाट एकतर बरीच आतून वळसा घेते किंवा लाकडी फळ्यांवरून जाते. नकाशावर हा भाग सर्वांत सोपा वाटतो, कारण तेथे चढ दाखवणाऱ्या रेषाच नसतात. प्रत्यक्षात पावसाळी दिवसांत सर्वांत जास्त वेळ तेथेच जातो. उलट पाणी बाहेर पडते त्या टोकाला गाळ तलावातच मागे राहिलेला असल्याने पाणी नितळ असते, पात्र बहुधा एकच आणि अरुंद असते, आणि पूल किंवा बंधारा बांधायचा झाला तर लोक तो तेथेच बांधतात. तलावाला फेरी मारायची असेल तर पूल कोठे आहे हे आधी पाहून घ्यावे. पूल नसेल तर ती फेरी होत नाही, मग ती कागदावर कितीही सुबक दिसो.

यानंतर उंचीच्या रेषांकडे वळावे. या समोच्च रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळल्या असतील आणि त्या अक्षराचे टोक चढाच्या दिशेला असेल, तर तेथे घळ किंवा ओढा आहे. टोक उताराकडे असेल, तर ती डोंगराची सोंड आहे. एवढे एक कळले तरी नकाशा बोलू लागतो. दोन तलावांच्या मधली डोंगरधार म्हणजे पाण्याची वाटणी करणारी रेषा. तिच्या एका अंगाला पडलेला पाऊस या तलावात जातो, दुसऱ्या अंगाचा त्या तलावात. साहजिकच धार न सोडता चालत राहिल्यास एकही ओढा ओलांडावा लागत नाही. पावसानंतरच्या दिवसांसाठी धारेची वाट म्हणूनच उत्तम. मात्र तेथे पिण्याचे पाणी मिळत नाही, वारा अंगावर येतो आणि आभाळ गडगडू लागले तर ती सर्वांत वाईट जागा ठरते.

नकाशा कोणत्या प्रमाणाचा आहे हेही पाहावे. १:२५,००० या प्रमाणात ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, तर १:५०,००० मध्ये तेच अंतर २ सेंटिमीटरांत बसते. रेषांमधले उंचीचे अंतर २० मीटर असेल, तर १५ मीटरांचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जातो. तेव्हा ‘नकाशावर उतार साधा दिसतो’ या भरवशावर मळलेली वाट सोडून खाली उतरू नये.

क्रम माझ्या मते असा असावा : पहिल्या दिवशी गावामागची सर्वांत जवळची, ठेंगणी टेकडी. वरून तलाव, कालवा आणि ओढ्यांच्या रेषा डोळ्यांनी पाहिल्या की पुढच्या सहा दिवसांचा नकाशा मनात बसतो. तलावाच्या फेरीने सुरुवात करण्याची रीत सर्वत्र आहे, पण काठाकाठाने चालताना समोरचा किनारा आणि पुढची झुडपे यांपलीकडे फारसे काही कळत नाही. ती फेरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाकरिता ठेवावी.

प्रश्न : तलावाभोवतीची वाट नकाशावर मोजली तेव्हा १० किलोमीटर भरली. प्रत्यक्षात चालताना ती त्याहून बरीच लांब निघाली आणि वेळही फार लागला. काठाची वाट सपाटच असते ना?

दोन्ही गोष्टींची कारणे काठाच्या स्वभावातच आहेत. वळणावळणाच्या रेषेची लांबी आपण किती बारीक मापाने मोजतो यावर अवलंबून असते. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने देशांच्या सीमा आणि किनारे मोजताना हीच गोष्ट दाखवून दिली होती : माप जितके लहान, तितकी लांबी जास्त. नकाशावर बोटाने किंवा दोऱ्याने मोजताना आपण लहान खाचा गाळतो. पायांना त्या गाळता येत नाहीत. त्यात जेथे डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरते तेथे वाटेला काठ सोडून वर चढावे लागते आणि पलीकडे पुन्हा खाली यावे लागते. प्रत्येक वेळी वीस-तीस मीटरच चढ असला, तरी दिवसभरात त्याची बेरीज एखाद्या टेकडीएवढी होते.

वेळेचा अंदाज घेण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाचा आहे : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट १४ किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ४५० मीटर आहे. तर अंतराचे २ तास ४८ मिनिटे आणि चढाची ४५ मिनिटे मिळून साधारण साडेतीन तास होतात. यात विश्रांती, जेवण, छायाचित्रे, चिखल आणि रेंगाळणारी मुले धरलेली नाहीत. सवय नसलेल्यांनी यात निम्मा वेळ आणखी मिळवावा. उतारावर वेळ वाचतो हा समजही अर्धाच खरा आहे. वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार माणूस सर्वांत वेगाने चालतो तो शंभर मीटरला पाच मीटर एवढ्या हलक्या उतारावर; उतार त्याहून तीव्र झाला की वेग पुन्हा घटू लागतो. घसाऱ्याच्या उतारावर चढापेक्षाही जास्त वेळ लागल्याचा अनुभव अनेकांना असेल.

इंग्लंडमधील केझिक या गावालगत डरवेंटवॉटर तलावाची सुमारे १६ किलोमीटरांची फेरी प्रसिद्ध आहे. तेथे काठावर ठिकठिकाणी नावेचे धक्के असल्याने दमलेल्याला फेरी मध्येच सोडून नावेने परतता येते. आपण जेथे जाणार तेथे अशी सोय असल्यास शेवटची नाव किती वाजता सुटते ते चालायला निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न : वाटेत ओढा आडवा आला आणि पूल नसेल तर तो ओलांडावा की परत फिरावे? खोली किती असेपर्यंत पाण्यात उतरणे योग्य समजावे?

खोलीइतकाच, किंबहुना खोलीपेक्षा जास्त, वेग महत्त्वाचा आहे. वाहत्या पाण्याचा पायावर पडणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. म्हणून संथ पाणी मांडीपर्यंत असले तरी निभावते, पण जोराचे पाणी गुडघ्याला लागले की धडधाकट माणसाचेही पाय उचलले जातात. गढूळ पाणी, वाहत येणाऱ्या फांद्या आणि तळातून येणारा दगड गडगडल्याचा आवाज यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर प्रश्न संपला; परत फिरावे.

पाणी नितळ असून तळ दिसत असेल, तर जागा निवडण्यास वेळ द्यावा. अरुंद जागा पाहून मोह होतो, परंतु तेवढेच पाणी कमी रुंदीतून जात असल्यामुळे ते तेथे अधिक खोल आणि अधिक वेगवान असते. रुंद, उथळ, खळाळती जागा बरी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ कोरत जाते, म्हणून तेथे खोल डोह असतो. आतल्या बाजूला वाळू-गोटे साचलेले असतात. ओलांडण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला धबधबा, पडलेले झाड किंवा कडेच्या झुडपांची जाळी नाही ना, हे पाहिल्याशिवाय पाय घालू नये, कारण तोल गेल्यास आपण तेथेच जाऊन अडकणार असतो.

बूट काढून अनवाणी उतरण्याची चूक करू नये. शेवाळलेल्या गोट्यांवर तळवा सरकतो, बोटे दोन दगडांत सापडतात, आणि थंड पाण्यात काही क्षणांतच पाय इतके बधिर होतात की खाली दगड आहे की वाळू तेही कळत नाही. मोजे काढून कोरडे ठेवावेत, बूट तसेच घालावेत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा. पडल्यास ती झटकन टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवून, काठी समोर रोवून, एका वेळी एकच गोष्ट हलवावी : आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा. पाऊल उचलून टाकू नये. तळाशी घासत पुढे सरकवावे आणि बूट दोन गोट्यांच्या मध्ये घट्ट बसला, डगमगत नाही, असे जाणवल्यावरच त्यावर भार द्यावा. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडांवरून उड्या मारत जाणे पाहायला झोकदार दिसते. पण मनगटे आणि घोटे मोडतात ते त्याच उड्यांत, कारण पाण्याच्या पातळीलगतचा दगडाचा पट्टा कायम ओला आणि बुळबुळीत असतो.

वेळेचेही गणित आहे. बर्फ वितळून येणारे ओढे पहाटे सर्वांत कमी असतात आणि दुपारनंतर चढतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी संध्याकाळी परतताना ओलांडता येईलच असे नाही. पावसावर चालणारे लहान ओढे जितक्या लवकर फुगतात तितक्याच लवकर उतरतात, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास काठावर बसून राहणे पुष्कळदा पुरेसे असते. वर धरण असेल तर मात्र आभाळ स्वच्छ असतानाही पाणी अचानक सोडले जाते. अशा नदीच्या पात्रात जेवायला बसणेसुद्धा टाळावे.

प्रश्न : कालव्याच्या कडेची वाट कंटाळवाणी असते असे ऐकले आहे. खरे आहे का?

ज्यांना शिखरच हवे असते त्यांना ती तशी वाटते खरी. पण वयस्कर मंडळी, लहान मुले, दुखऱ्या गुडघ्यांचे लोक किंवा सकाळच्या धुक्यात वाट चुकण्याची धास्ती असणारे, यांच्यासाठी कालव्यासारखा सोबती नाही. पाणी जवळजवळ सपाटीवर धरून ठेवायचे असल्याने कालवा समोच्च रेषेला धरून डोंगराच्या कुशीतून वळसे घेत जातो आणि सोबतची वाटही तशीच जाते. मालवाहू नावा घोड्यांनी ओढल्या जात त्या काळातील कालव्यांना घोड्यांसाठी केलेली वाटच आज पायवाट झाली आहे. फ्रान्समधील १६८१ मध्ये खुला झालेला, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा कनाल द्यु मिदी हे त्याचे ठळक उदाहरण. चढ येतो तो फक्त नावांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी. इंग्लंडमध्ये डिवाइझेस गावाजवळ अशी २९ दारे ओळीने आहेत आणि तेथे दोन मैलांत सुमारे ७२ मीटर उंची गाठली जाते.

सगळेच कालवे मात्र निरुपद्रवी नसतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील शेतीला पाणी नेणारे लेवाडा नावाचे पाट कड्यांच्या पोटातून खोदलेले आहेत. वाट सपाट, पण काही ठिकाणी जेमतेम पाऊल मावेल एवढी अरुंद, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला दरी, शिवाय मध्ये मिट्ट काळोखाचे बोगदे. ज्यांची दृष्टी फिरते त्यांनी ‘सपाट’ या शब्दावर जाऊ नये. सिमेंटच्या उभ्या काठांच्या कालव्यात पडल्यास पोहता येणाऱ्यालाही बाहेर निघणे कठीण जाते, हेही मुलांसोबत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : टेकडीवरची वाट विनाकारण नागमोडी केलेली असते. सरळ वर चढून गेल्यास काय बिघडते?

आपले काही बिघडत नाही, फार तर दम लागतो; बिघडते ते टेकडीचे. पाणी उतारावरून सर्वांत तीव्र दिशेने वाहते आणि सरळ चढणारी वाट नेमकी तीच दिशा धरते. पावलांनी गवत गेले, माती दबली की पावसाचे पाणी त्या रेषेत शिरते, तिला चर पडतो, चर खोल झाला की लोक त्याच्या कडेने चालू लागतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून वाटा बांधणारे जाणकार वाटेची सरासरी चढण शंभर मीटरला दहा मीटरच्या आसपास ठेवतात, तसेच वाटेचा चढ हा टेकडीच्या अंगच्या उताराच्या निम्म्याहून अधिक होऊ देत नाहीत, म्हणजे पाणी वाट धरून न वाहता ती ओलांडून खाली उतरते. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली असते आणि मध्ये मध्ये आडवे दगड किंवा ओंडके पुरलेले असतात, तेही याचसाठी. ते पायऱ्या म्हणून बसवलेले नसतात; त्यांच्या वरच्या अंगाला साचलेली पाने काठीने बाजूला केली, तर वाटेची दुरुस्तीच होते.

चिखलाच्या बाबतीतही हेच. कडेच्या गवतावरून जाण्यापेक्षा बूट भरवून मधूनच जावे.

प्रश्न : झाडांवर आणि दगडांवर रंगाच्या खुणा असतात. त्या सर्वत्र सारख्याच असतात का?

नाही, प्रत्येक देशाची, कधी प्रत्येक भागाची, पद्धत निराळी आहे. चेक पर्यटक मंडळाची स्थापना १८८८ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पहिली वाट आखली; आज तेथे दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये रंगीत पट्टा अशी खूण असते. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांवर १९४७ पासून पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे दिसतात आणि त्याच रंगांची फुली दिसली, तर आपण चुकीच्या वाटेला लागलो आहोत असे समजायचे. अमेरिकेतील ॲपलाचियन वाटेवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढरा पट्टा असतो. एकावर एक असे दोन पट्टे दिसले की पुढे वळण किंवा लक्ष देण्याजोगे काही आहे. स्वित्झर्लंडमध्ये साध्या वाटा पिवळ्या, डोंगरी वाटा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या आणि गिर्यारोहणाच्या वाटा पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणांनी दाखवतात. त्यांच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी तास-मिनिटे लिहिलेली असतात, आणि त्यांत विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो.

कोठेही गेलात तरी एक सवय ठेवा : फाट्यावर खूण दिसली की मागे वळून, आलेल्या बाजूने ती जागा कशी दिसते ते पाहा. परतताना उपयोग त्याच दृश्याचा होतो. बराच वेळ खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जावे. ‘पुढे कुठेतरी मिळेलच’ म्हणत उतरत जाणारे शेवटी एखाद्या ओढ्याच्या नाळेत अडकतात. रचलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, कारण हल्ली ते हौसेखातरही रचले जातात.

प्रश्न : ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसत असल्यास प्यावे का? तलावाचे?

उकळून प्यावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती एक मिनिट राहू द्यावी, २,००० मीटरांहून अधिक उंचीवर तीन मिनिटे, कारण तेथे पाणी कमी तापमानालाच उकळते. वरच्या अंगाला गुरे चरत असतील, तर जियार्डियासारखे पोट बिघडवणारे परजीवी नितळ पाण्यातही असतात. तलावाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे : उन्हाळ्यात संथ पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवट-निळसर तवंग दिसला, तर ते पाणी उकळूनही पिऊ नये, कारण त्या सूक्ष्मजीवांचे विष उकळीने जात नाही. सोबत कुत्रा असेल तर त्यालाही त्यात उतरू देऊ नये.

प्रश्न : डोंगरधारेवर असताना गडगडाट सुरू झाला तर?

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटरमध्ये अंतर कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर धार सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर चढू नये. उतरायचे ते तलावाच्या काठावर मात्र नव्हे. मोकळ्या पाण्यालगत आपणच सर्वांत उंच ठरतो. एकट्या झाडाचा आडोसाही घेऊ नये. पक्की इमारत किंवा बंद मोटार मिळाली तर उत्तम. नसल्यास सारख्या उंचीच्या दाट झाडीत, एकमेकांपासून अंतर ठेवून थांबावे.

प्रश्न : पाणी ओसरल्यामुळे तलावाचा बराच तळ उघडा पडला आहे. त्यावरून सरळ पलीकडे गेल्यास मोठा वळसा वाचेल. जावे का?

जाऊ नये. वरचा थर वाळून त्याला भेगा पडलेल्या असल्या, तरी खाली गाळ ओलाच असतो, आणि ओढा तलावाला मिळतो त्या टोकाला तो सर्वांत खोल असतो. गोट्यांचा किंवा खडकाचा काठ उघडा पडला असेल, तर त्यावरून चालण्यास हरकत नाही. चुकून गाळात पाय रुतलाच तर दुसऱ्या पायावर जोर देऊन उपसू पाहू नये, त्याने तोही रुततो. सॅक काढून बाजूला टाकावी, मागे रेलून बसावे म्हणजे भार पसरतो, आणि पाय हळूहळू हलवत, भोवती पाणी शिरू देत, एकेक करून सोडवावा. बूट आत राहिला तर राहू द्यावा.